पान एकच, दिसणे वेगवेगळे

घरच्या घरी वेबपान बनवायला शिकलेल्या मुलामुलींचा एक ठरलेला प्रश्न असतो. "माझ्या लॅपटॉपवर पान छान दिसते, पण दुसऱ्याच्या फोनवर उघडले की ओळी तुटतात, अक्षरे कापली जातात, बटण कुठल्या कुठे जाते. मी लिहिलेले तर एकच आहे, मग असे का होते?" या महिन्यात याच प्रश्नाचे उत्तर पाहू.

प्रश्न केवळ सजावटीचा नाही. समजा, एका घरात आपा शिवणकाम करतात. ईदच्या आधीचे दिवस हा त्यांच्या कमाईचा हंगाम. धाकट्या भावाने त्यांच्यासाठी एक पान तयार केले. त्यात कपड्यांचे नमुने, शिलाईचे दर, मापे भरण्याचा फॉर्म आणि तळाशी 'ऑर्डर पाठवा' हे बटण. मजकूर मराठीत आणि उर्दूतही. भावाच्या लॅपटॉपवर सगळे जागच्या जागी आहे. एका ग्राहक बाईंच्या आयफोनवर मात्र ते बटण ब्राउझरच्या तळपट्टीमागे दडले. बाईंनी दोनदा बोट फिरवून पाहिले आणि पान बंद केले. त्या तक्रार करायला येणार नाहीत. एक ऑर्डर हातची गेली, हे आपांना कधी कळणारही नाही. म्हणून पान बनवणाऱ्यानेच हे दोष आधी शोधले पाहिजेत.

पान मांडतो कोण?

वेबपानाचा मजकूर एचटीएमएल या भाषेत लिहितात आणि त्याचे रूप, म्हणजे रंग, रुंदी, अंतर, अक्षरांचा आकार, सीएसएस या भाषेत सांगतात. सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत असताना मांडली. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. पानाचे रूप ठरवण्यात लिहिणाऱ्याची इच्छा आणि वाचणाऱ्याची सोय या दोहोंचा मेळ घालावा, असा विचार या भाषेत सुरुवातीपासून आहे. ज्याची नजर कमी झाली आहे त्याने अक्षरे मोठी करून वाचावीत, हे त्यात गृहीतच धरले आहे.

आपण लिहिलेल्या सूचना वाचून पान प्रत्यक्ष मांडण्याचे काम ब्राउझरच्या आतले इंजिन करते. आज प्रमुख इंजिने तीन आहेत. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट यांच्यात ब्लिंक आहे. सफारीत वेबकिट आहे. फायरफॉक्समध्ये गेको आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज हा ब्राउझर क्रोमच्याच पायावर उभा केला. त्यामुळे "क्रोम आणि एज दोन्हींवर तपासले" असे कोणी सांगितले, तर त्याने एकाच इंजिनावर दोनदा तपासले असा त्याचा अर्थ होतो. उलट, ॲपलच्या नियमामुळे आपल्याकडील आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडला तरी आत वेबकिटच काम करत असते. (युरोपीय संघात २०२४ पासून या नियमात सूट आहे.) म्हणून आयफोनवर बिघडलेले पान त्याच फोनवरच्या दुसऱ्या ब्राउझरमध्येही बहुधा तसेच बिघडलेले दिसते.

पान बिघडलेले दिसले की पुष्कळजण घाईघाईने आकडे बदलू लागतात. इकडे पाच पिक्सेल वाढवले, तिकडे दहा कमी केले. एका फोनवर जुळते आणि दुसऱ्यावर मोडते. त्यापेक्षा फरक कशामुळे पडला, हे आधी ओळखावे. बहुतेक वेळा कारण पुढीलपैकीच एक निघते.

पहिले कारण : माप कोणते धरायचे?

शिवणकाम करणाऱ्या घरात हे चटकन समजेल. कापड बेतताना शिलाईसाठी माया सोडावी लागते. "बारा इंच" म्हटले तर त्यात माया धरली आहे की ती वेगळी सोडायची, हे आधी ठरलेले नसेल तर कपडा घट्ट तरी होतो किंवा ढगळ तरी. सीएसएसमध्ये एखाद्या चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल लिहिली, आत दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा ठेवली आणि २ पिक्सेलची किनार दिली, तर प्रमाण नियमानुसार ती चौकट ३४४ पिक्सेल जागा घेते. माया वेगळी मोजली जाते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या विंडोजवरील पाचव्या आवृत्तीपर्यंत मात्र ती मापातच धरली जाई. एकच पान दोन ब्राउझरांत दोन रुंदींचे दिसे आणि त्या काळात पाने बनवणाऱ्यांचे पुष्कळ श्रम या एका फरकावर खर्च झाले.

गंमत अशी की, माया मापात धरण्याची ती जुनी पद्धतच वापरायला सोपी होती. आज ती सर्व ब्राउझरांत एका ओळीने मागता येते. गुणधर्माचे नाव 'बॉक्स-सायझिंग' आणि त्याचे मूल्य 'बॉर्डर-बॉक्स'. (ही नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, संगणकात ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.) पानातील सर्व घटकांना ही ओळ सुरुवातीलाच लावावी. निम्म्या-निम्म्या रुंदीच्या दोन चौकटी शेजारी न बसता एकीखाली एक येत असतील, तर ही ओळ राहिली आहे का, ते आधी पाहावे.

याच्याही आधी आणखी दोन ओळी तपासाव्यात. एचटीएमएलची पहिलीच ओळ 'डॉकटाइप'ची असते. ती नसेल तर ब्राउझर हे पान जुन्या जमान्यातले आहे असे समजतो आणि जुन्या पानांसाठी राखून ठेवलेल्या सवयींनी ते मांडतो. दुसरी ओळ 'व्ह्यूपोर्ट'ची. ती नसेल तर फोन पानाची रुंदी साधारण ९८० पिक्सेल धरतो आणि सगळे पान आखडून दाखवतो. अक्षरे मुंगीएवढी दिसू लागली तर दोष अक्षरांच्या आकारात शोधू नये.

दुसरे कारण : ब्राउझरची स्वतःची शैली

आपण काहीच सांगितले नाही, तरी ब्राउझर मथळे ठळक करतो, परिच्छेदांत अंतर सोडतो, पानाभोवती ८ पिक्सेलचा समास ठेवतो. ही त्याची घरची शैली. यातल्या बऱ्याच गोष्टी आज सारख्या आहेत, पण फॉर्ममधील चौकटी, बटणे आणि निवडीच्या याद्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिसतात. यावर दोन मार्ग निघाले. एरिक मेयर यांची २००७ मधील 'रिसेट' शैली ब्राउझरच्या बहुतेक सवयी पुसून कोऱ्या पाटीवर सुरुवात करते. निकोलस गॅलाघर यांच्या 'नॉर्मलाइझ'मध्ये उपयोगी सवयी तशाच ठेवून फक्त फरक मिटवले आहेत. लहान पानासाठी दुसरा मार्ग बरा पडतो, कारण पुसलेले सगळे पुन्हा लिहीत बसावे लागत नाही.

फॉर्मच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पानाला तुम्ही दिलेला फॉन्ट चौकटी आणि बटणे आपोआप घेत नाहीत. ती आपली वेगळी, सहसा १३ पिक्सेलच्या आसपासची लहान अक्षरे वापरतात. आयफोनवर १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षरांच्या चौकटीला बोट लावले की पान आपोआप मोठे होते आणि कडेचा भाग स्क्रीनबाहेर जातो. आपांच्या फॉर्ममध्ये बाई छातीचे माप भरायला गेल्या आणि पान एकदम उडी मारून पुढे आले, तर त्या गोंधळणारच. सर्व चौकटींना व बटणांना 'फॉन्ट : इनहेरिट' ही ओळ द्या आणि पानाचे मूळ अक्षर १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका. दोन्ही तक्रारी एकदमच मिटतात.

तिसरे कारण : लिपी आणि फॉन्ट

इंग्रजी पान बनवणाऱ्याला जी अडचण क्वचित जाणवते, ती मराठी आणि उर्दू पान बनवणाऱ्यासमोर रोज उभी असते. तुम्ही फॉन्ट दिला नाही, तर प्रत्येक कार्यप्रणाली आपल्याकडचा फॉन्ट वापरते. जुन्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी मंगल होता, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला. ॲपलच्या संगणकावर कोहिनूर देवनागरी असतो, अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी. प्रत्येकाची अक्षरे कमी-अधिक रुंद, कमी-अधिक उंच. लॅपटॉपवर एका ओळीत मावणारा "लग्नाचे कपडे शिवून मिळतील" हा मथळा फोनवर दोन ओळींत जातो, त्याचे कारण हेच. म्हणून ज्यात मजकूर आहे त्या चौकटीची उंची पिक्सेलमध्ये कधी बांधून टाकू नये. बांधली की वरची रफार आणि वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो.

उर्दूत फरक याहून मोठा आहे. आपल्या घरांत उर्दू वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना नस्तालीक लिपीची सवय असते. ॲपलच्या आजच्या यंत्रांत नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट आधीपासून असतो. अनेक अँड्रॉइड फोनांवर मात्र तोच मजकूर नस्ख वळणात उमटतो. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत येतो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. मराठी परिच्छेदाला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट-पावणेदोनपट पुरते. नस्तालीकला दुप्पट किंवा त्याहून थोडी अधिक द्यावी. हा 'लाइन-हाइट'चा आकडा पिक्सेलमध्ये न देता नुसता १.६ किंवा २.२ असा लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याने अक्षर मोठे केले की ओळीही त्याच प्रमाणात मोकळ्या होतात.

आपांच्या पानासाठी यावर चार उपाय.

एक, फॉन्ट पानासोबतच पाठवावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे देवनागरी फॉन्ट आणि नोटो नस्तालीक उर्दू हे सर्व मोफत, खुल्या परवान्याचे आहेत. फाइल वूफ-दोन या आटोपशीर प्रकारात ठेवावी आणि 'फॉन्ट-डिस्प्ले : स्वॅप' सांगावे, म्हणजे नेट मंद असले तरी फॉन्ट येईपर्यंत मजकूर साध्या अक्षरांत दिसत राहतो.

दोन, प्रत्येक भागाची भाषा एचटीएमएलमध्ये नोंदवावी. मराठीसाठी 'एमआर', उर्दूसाठी 'यूआर'. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मराठी वळण वेगळे दिलेले असते आणि भाषा मराठी आहे असे सांगितल्यावरच ते उमटते.

तीन, अक्षरांमधले अंतर वाढवणारा 'लेटर-स्पेसिंग' हा गुणधर्म आपल्या लिपींना लावू नये. इंग्रजी मथळ्याला तो शोभतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि उर्दूत जोडलेली अक्षरे सुटी पडू शकतात.

चार, उर्दूच्या भागाला दिशा उजवीकडून डावीकडे अशी द्यावी आणि सीएसएसमध्ये 'डावा समास', 'उजवा समास' असे न लिहिता 'मार्जिन-इनलाइन-स्टार्ट' म्हणजे 'ओळीच्या आरंभाचा समास' असे लिहावे. मराठीत आरंभ डावीकडे असतो, उर्दूत उजवीकडे. एकाच सूचनेने दोन्ही भाषांत अंतर योग्य बाजूला पडते आणि दोन भाषांसाठी दोन शैली सांभाळाव्या लागत नाहीत.

चौथे कारण : स्क्रीनची खरी जागा

विंडोजवरील क्रोममध्ये पान लांब असेल तर उजवीकडे सरकपट्टी येते आणि ती साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा खाते. ॲपलच्या लॅपटॉपवर ती बहुधा मजकुरावर तरंगते आणि जागा घेत नाही. एखाद्या चौकटीला रुंदी '१०० व्हीडब्ल्यू' दिली तर त्या मापात सरकपट्टीची जागाही धरली जाते. मग विंडोजवर पान आडवे हलू लागते आणि ॲपलवर तो दोष दिसतच नाही. येथे साधे '१०० टक्के' लिहिले की काम होते.

उंचीचा घोटाळा फोनवर होतो. '१०० व्हीएच' म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची असे आपण समजतो. आयफोनच्या सफारीत मात्र हे माप पत्त्याची पट्टी आणि तळपट्टी आकसलेल्या असताना जेवढी जागा मिळते तेवढे धरले जाते. पान उघडते तेव्हा त्या पट्ट्या पूर्ण उघड्या असतात, म्हणून तळाचे बटण त्यांच्यामागे जाते. आपांचे 'ऑर्डर पाठवा' हे बटण असेच दडले होते. यासाठी २०२२ पासून नवी मापे मिळू लागली आहेत. त्यातले 'एसव्हीएच' हे माप पट्ट्या उघड्या असतानाची उंची धरते. आधी १०० व्हीएचची ओळ लिहावी आणि तिच्याखाली १०० एसव्हीएचची. नवा ब्राउझर दुसरी ओळ मानतो, जुना ती न समजल्यामुळे सोडून देतो आणि पहिलीवर चालतो.

न समजलेली ओळ मुकाट्याने गाळून पुढे जायचे, हा सीएसएसचा मोठा उपकारक नियम आहे. जुन्या आणि नव्या ब्राउझरांचा संसार त्याच्यावरच चालतो.

पाचवे कारण : नवे गुण, जुने फोन

घराघरांत फोन मोठ्यांकडून लहानांकडे किंवा लहानांकडून मोठ्यांकडे जातात आणि वर्षानुवर्षे वापरले जातात. आयफोन ६ घ्या. त्याला आयओएस १२ च्या पुढची प्रणाली मिळाली नाही, त्यामुळे त्यावरील सफारीही तेथेच थांबली. 'फ्लेक्स' मांडणीत घटकांमध्ये अंतर सोडणारा 'गॅप' हा गुणधर्म सफारीत एप्रिल २०२१ मध्ये आला. म्हणजे त्या फोनवर शेजारशेजारची बटणे एकमेकांना चिकटलेली दिसणार.

अमुक गुणधर्म ब्राउझरला समजतो का, हे विचारण्यासाठी सीएसएसमध्ये 'ॲट-सपोर्ट्स' ही सोय आहे आणि ती एरवी फार उपयोगी पडते. येथे मात्र ती फसवते. त्या सफारीला 'ग्रिड' मांडणीतला गॅप समजत असतो, म्हणून ती "हो, समजतो" असे उत्तर देते आणि फ्लेक्समध्ये तो लावत नाही. मार्ग सरळ आहे. अशा ठिकाणी फ्लेक्सऐवजी ग्रिड वापरावे किंवा बटणांना साधा समास द्यावा.

हा ब्राउझर कोणता, त्याचे नाव विचारून त्याप्रमाणे वेगळी शैली देण्याची जुनी युक्ती मात्र टाळावी. नावे आणि आवृत्त्या बदलत राहतात आणि पान पुन्हा मोडते. एखादा गुणधर्म कोणत्या ब्राउझरांत केव्हापासून चालतो, याच्या याद्या 'कॅन आय यूज' आणि मोझिलाच्या 'एमडीएन' या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. वापरण्याआधी तेथे दोन मिनिटे पाहावे. इंटरनेट एक्स्प्लोररची चिंता आता करू नये. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार काढून घेतला.

तपासायचे कसे?

क्रोममध्ये फोनचा आकार दाखवणारी सोय असते. ती कामाची आहे, पण तिच्यात आकार फोनचा आणि इंजिन क्रोमचेच असते. आयफोन निवडला म्हणून वेबकिट येत नाही. जवळ ॲपलचे यंत्र नसेल आणि संगणकावर लिनक्स असेल, तर 'नोम वेब' हा मोफत ब्राउझर वेबकिटवर चालतो. त्यात बरेच दोष आधी दिसतात. तरी शेवटची तपासणी खऱ्या फोनवरच करावी. घरातले सगळे फोन एका संध्याकाळी गोळा करा. अब्बांचा जुना अँड्रॉइड, खालाजानचा आयफोन, अक्षरे मोठी करून ठेवलेला दादीजानचा फोन. प्रत्येकावर फॉर्म शेवटपर्यंत भरून ऑर्डर पाठवून पाहा. नुसते पान उघडून "छान दिसते" म्हणण्याने काही सिद्ध होत नाही.

दोष सापडला की पानाची एक प्रत करा आणि तिच्यातून एकेक भाग काढत जा. कोणता भाग काढल्यावर दोष जातो, ते पाहा. शेवटी पाच-दहा ओळी उरतात आणि कारण सहसा त्यांतच असते. दुरुस्ती केल्यावर शेजारी एका ओळीत टीप लिहून ठेवा की ही ओळ कशासाठी आहे. सहा महिन्यांनी ती तुमच्याच उपयोगी पडेल.

सगळीकडे हुबेहूब हवे का?

नको. कोपऱ्याची गोलाई एका फोनवर थोडी कमी, एखादा मथळा दुसऱ्यावर दोन ओळींत, तारीख निवडण्याचे कॅलेंडर प्रत्येक फोनचे आपापले, यात कोणाचे काही बिघडत नाही. उलट, आपल्या फोनच्या सवयीचे कॅलेंडर दिसले की वापरणाऱ्याला बरेच वाटते. असे फरक मिटवण्यात रात्री घालवू नयेत. मजकूर वाचता येतो का, फॉर्म भरता येतो का, बटण सापडते का आणि दाबले की ऑर्डर पोहोचते का, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक फोनवर "हो" आली पाहिजेत. ती आली की पान तयार झाले असे समजावे.

जी मुले-मुली हे काम मोबदला घेऊन करू लागली आहेत, त्यांनी ही गोष्ट ग्राहकाशी आधीच बोलून घ्यावी. कोणकोणत्या फोनांवर तपासून देणार, किती जुन्या फोनांपर्यंत पान चालेल, हे कागदावर लिहून द्यावे आणि तपासणीचा वेळही मजुरीत धरावा. शिलाईत जसे एकदा अंगावर घालून पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही, तसेच हे आहे. घरातल्या एखाद्या बहिणीच्या धंद्यासाठी पान करून ठेवलेले असेल, तर या आठवड्यात ते निदान तीन वेगवेगळ्या फोनांवर उघडून एक खोटी ऑर्डर नोंदवून पाहा. ती आपांपर्यंत पोहोचली का, ते विचारा. नाही पोहोचली, तर वरच्या पाच कारणांपासून शोध सुरू करा.